रक्त मास्तरांचं, पथ्य भाऊजींना

सोफेवाल्याचं पोट हा त्याच्या धंद्याचा भाग होता. म्हणजे असं त्याचं म्हणणं. सोफा तयार झाला की तो गिऱ्हाइकादेखत त्यावर धप्पकन बसायचा, दोनदा उसळायचा आणि म्हणायचा, "मी बसलो, काही मोडलं नाही. आता तुमच्या घरी माझ्याहून जड कोण येणार आहे?" गिऱ्हाईक हसायचं, आणि हसलेलं गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही. एकूण काय, पोट वाढलं ते दुकानासाठीच, आणि समोरच्या बेकरीत तो दिवसातून इतक्यांदा जायचा तेही दुकानासाठीच.

बायकोला हे कधीच पटलं नाही. ती पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर होती. खोक्याच्या तळाशी विटा लपवणारे, काट्याला हळूच बोट लावून उचलणारे, सगळे तिने पाहिले होते आणि सगळ्यांना परत पाठवलं होतं. अशा बाईच्या घरात पोट लपवून राहणं ही काय चेष्टा आहे? तरी सोफेवाल्याने बरीच वर्षं निभावून नेलं. पण तिच्या ऑफिसातल्या साहेबांना एक दिवस टेबलावरच छातीत कळ आली, त्यांना उचलून न्यावं लागलं, आणि बाईसाहेब घरी आल्या त्या निर्णय घेऊनच.

"अहो, उद्या सकाळी रक्त घ्यायला बाई येणार आहेत. उपाशी राहायचं. लॅबला सांगून ठेवलंय मी."

"माझं रक्त कशाला? साहेबांचं घ्या."

"रिपोर्ट वाईट आला तर लोणी, चीज, केक, तळलेलं, सगळं बंद. बेकरीवाल्यालाही सांगून ठेवीन. चांगला आला तर या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. जन्मात नाही."

जन्मात नाही! सोफेवाल्याच्या एका डोळ्यात पाणी आलं आणि दुसऱ्यात चमक. कारण या आठवड्यात बायकोची सकाळची पाळी होती, ती उजाडायच्या आत घराबाहेर पडायची, आणि रक्त घेणाऱ्या बाईंनी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. आता फक्त एक चांगलं रक्त हवं होतं, आणि तसं रक्त त्याच्या अगदी नात्यातच होतं.

ते रक्त म्हणजे त्याचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, शाळेत व्यायाम शिकवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणत. सोफेवालाही चिडवायला मास्तरच म्हणायचा, वर 'अहोजाहो' करायचा. मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायचे, संध्याकाळी बहिणीकडे जेवायला यायचे आणि स्वतःच्या ताटापेक्षा भाऊजींच्या ताटाकडे जास्त बघायचे. अंगावर नावाला चरबी नाही. पहाटे पळणं, संध्याकाळी पळणं, शाळेत पोरांच्या पुढे पळणं. लोण्याची डबी दिसली की चेहरा असा करायचे, जणू डबीत उंदीर मेलाय. "भाऊजी, हे पोटात नाही जात, रक्ताच्या नळ्यांत जातं," हे वाक्य सोफेवाल्याने इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

संध्याकाळी तो शाळेच्या मैदानावर गेला. मास्तर गळ्यात शिट्टी अडकवून घामाने निथळत उभे होते. सोफेवाल्याने सगळं सांगून टाकलं आणि प्रवचन ऐकायची तयारी करून खाली मान घालून उभा राहिला. प्रवचन काही आलं नाही. मास्तर मैदानाकडे बघत राहिले, शिट्टीशी चाळा करत राहिले.

"म्हणजे नाव तुमचं लागणार?" त्यांनी विचारलं.

"नाव माझं, वय माझं, सगळं माझं. फक्त दंड तुमचा."

"किती वाजता येऊ?"

एवढंच! सोफेवाला घरी जाताना मनात म्हणाला, बघा, मिरवायची हौस किती असते माणसाला. आपलं रक्त कसं झुळझुळ आहे ते कागदावर बघायला मिळणार म्हणून बेट्याने बहिणीशी दगाफटकासुद्धा मान्य केला.

सकाळी रक्त घेणाऱ्या बाई आल्या. स्वभावाने गरीब, बोलायला गोड. मास्तर खुर्चीत बाही सारून बसले आणि सोफेवाला आतल्या खोलीत दाराआड श्वास रोखून उभा राहिला. बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं. मास्तरांनी भाऊजींचं वय सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "वाटत नाही हो अजिबात!" एरवी यावर मास्तर फुलून आले असते. पण फटीतून सोफेवाल्याला दिसलं की मास्तरांनी डोळे घट्ट मिटलेत आणि दुसऱ्या हाताने खुर्चीचा हात असा धरलाय की नवीन कापड फाटावं. इंजेक्शनला घाबरतो लेकाचा, असं म्हणून सोफेवाला दाराआड पोट धरून हसला.

रिपोर्ट बायकोच्या फोनवर आला. ती ऑफिसातून आली, पर्स ठेवली, खुर्चीत बसली, आणि काही म्हणजे काही बोलली नाही. सोफेवाला मनातल्या मनात केकला मेणबत्त्या लावत होता.

"काय मग, शरण आलात ना?" त्याने विचारलं.

ती रडायला लागली.

वजनकाट्यावर बसणारी बाई, आयुष्यात कुणापुढे न वाकलेली, ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो, कोलेस्टेरॉल चारशेच्या घरात आहे. लॅबवाल्यांनी लाल रंगात दिलंय सगळं. खाली लिहिलंय, ताबडतोब डॉक्टरांना भेटा. एवढं कसं हो खाल्लंत माझ्या पाठीमागे?"

सोफेवाल्याला पहिला विचार काय आला असेल? मेहुण्याचा? छे! त्याला पहिला विचार आला बेकरीचा. दुसरा विचार आला तोही बेकरीचाच. मेहुण्याचा नंबर तिसरा लागला, आणि तोही एवढाच, की ह्या काटकुळ्याने मला बुडवला.

मास्तरांना त्याने जिन्यातच गाठलं. "काय हो, रक्त दिलंत का वनस्पती तूप?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज कडक. "लॅबची चूक. माझं असूच शकत नाही. आणि हे बघा भाऊजी, रिपोर्ट तुमच्या नावावर आहे."

"पण रक्त—"

"तुमच्या नावावर आहे," मास्तर म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्याच दिवशी बायकोने त्याला डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. डॉक्टरीणबाई वयस्क, चष्मा कपाळावर, बोलणं तुटक. त्यांनी आकडे बघितले, मग सोफेवाल्याच्या पापण्या ओढून बघितल्या, कोपर चाचपले, बूट काढायला लावून टाचेच्या वरची शीर दोन बोटांत धरून दाबली.

"इथे गाठी असायला हव्या होत्या," त्या म्हणाल्या. "एवढं कोलेस्टेरॉल खाऊन होत नाही. हे जन्माचं असतं. काहींचं यकृत रक्तातली चरबी उचलतच नाही, मग माणूस गवत खाऊन राहिला तरी ती साचते. डोळ्यांपाशी पिवळे डाग येतात, टाचेच्या शिरेवर जाड गाठी येतात. तुमचं सगळं गुळगुळीत. वडील आहेत?"

"आहेत की. ऐंशीच्या पुढे गेलेत. परवाच जिन्यावरून भांडत खाली आले आणि भांडतच वर गेले."

"घरात कुणी लवकर गेलं? चाळिशीत वगैरे?"

"माझ्या घरात नाही," सोफेवाला म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने बायकोकडे बघितलं. कारण बायकोच्या घरात गेलं होतं. सासरे. धडधाकट माणूस, दारातला पेपर उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. बायको तेव्हा कॉलेजात, मास्तर अजून शाळकरी. लोक म्हणाले, नजर लागली. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या घराबद्दल विचारलं होतं, म्हणून बायकोने काही सांगितलं नाही. सोफेवाल्याने मात्र खुर्चीत चुळबुळ केली, आणि त्याला मास्तरांच्या डोळ्यांपाशी नाकाच्या बाजूला असलेले ते दोन पिवळट ठिपके दिसायला लागले. घरात सगळे त्यांना लाडाने 'सायीचे थेंब' म्हणत.

"समजा," त्याने घसा साफ केला, "समजा अशा माणसाने काही केलंच नाही. पण तो एकदम बारीक आहे. पळतो वगैरे. मग?"

"तुम्ही पळता?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली घेतला.

"एक मित्र आहे."

"कोण मित्र?" बायकोने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मित्राची चौकशी बाजूला सारली. "लोकांना वाटतं, नळी हळूहळू तुंबते आणि पूर्ण बंद झाली की झटका येतो. अहो, तुंबलेली जागा निदान चालताना छातीत भरून येऊन कळवते तरी. खरी दगाबाज असते ती लहानशी मऊ गाठ. आत चरबीचा लगदा, वर पापुद्र्याएवढी साल. तपासून कळत नाही, दुखत नाही, माणूस म्हणतो मी ठणठणीत. एक दिवस जोर पडतो, साल फाटते, आतला लगदा उघडा पडतो, त्याच्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नळी बंद. सकाळी पळून आलेली माणसं दुपारी गेलेली बघितलीत मी."

"म्हणजे आत भरण मऊ आणि वरचं रेक्झिन पातळ," सोफेवाला हळूच म्हणाला. "ते कडेला शिवणीपाशी फाटतं."

"हेही कडेलाच फाटतं. म्हणून गोळी घ्यायची. गोळीने चरबी उतरते आणि साल घट्ट होते. आजपासून सुरू करा, आणि काही आठवड्यांनी पुन्हा रक्त."

आता सांगा, शहाण्या माणसाने तिथल्या तिथे तोंड उघडलं असतं की नाही? पण बायको शेजारी बसली होती. पदर डोळ्यांना लावून बसली होती. सोफेवाल्याने मनात ठरवलं, मास्तरांना एकटं गाठू, समजावू, गुपचूप तपासायला नेऊ, म्हणजे मेहुणाही वाचेल आणि आपणही. भित्रा माणूस दोन्हीकडचं बघायला जातो आणि कुठलंच धड होत नाही.

घरी पथ्य सुरू झालं. सकाळी ओटची लापशी, दुपारी उकडलेला कोबी, संध्याकाळी कोबीच्या पाण्याचं सूप. पथ्याचे प्रमुख कोण? मास्तर! ज्यांच्या रक्तामुळे हे सगळं झालं ते स्वतः ताटाशेजारी उभे राहून, "ताई, मीठही कमी कर," म्हणायचे. सोफेवाला कोबी चावत त्यांच्याकडे असा बघायचा की कुणाला वाटावं, हा आता मास्तरांचाच चावा घेणार. बेकरीवाला रस्त्यापलीकडून हात जोडून नकार द्यायचा. दुकानात गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "तुम्ही बारीक झालात, आता सोफ्याची खात्री कशी पटायची?"

डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या सोफेवाल्याने एकही घेतली नाही. रोज एक खिशात ठेवायचा आणि मास्तर एकटे सापडले की पुढे करायचा.

"घ्या. पाणी आणलंय."

"औषध तुमच्या नावावर आहे, भाऊजी. मला कशाला?"

"मास्तर, तुमच्या टाचेला गाठी आहेत. मी बघितल्यात."

"पळून पळून घट्टे पडतात. तुम्ही पळाला असतात तर तुम्हालाही पडले असते."

"सासरेबुवा कुठे पळायचे?"

यावर मास्तरांनी तोंड फिरवलं आणि नंतर चार दिवस जेवायलाच आले नाहीत. बायको म्हणाली, "तुम्ही काहीतरी टोचून बोलला असाल. बिचारा तुमच्यासाठी एवढा राबतोय." सोफेवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

मास्तर पुन्हा यायला लागले तेव्हा सोफेवाला गॅलरीत उभा राहून त्यांची वाट बघायचा. आणि तिथूनच त्याने ते बघितलं. पूर्वी मास्तर दोन दोन पायऱ्या टाकत वर यायचे. आता मधल्या वळणावर थांबायचे, खाली वाकायचे, बुटाची लेस बांधायचे, मग वर यायचे. पहिल्या दिवशी त्याला काही वाटलं नाही. नंतर रोजच. एकदा त्याने वरून नीट वाकून बघितलं. मास्तरांच्या बुटाला लेस नव्हतीच, वरून चिकटवायची पट्टी होती. तो माणूस नुसता वाकून, कठड्याला धरून, दुसरा हात छातीवर दाबून श्वास घेत होता.

वर आल्यावर मास्तर हसून म्हणाले, "रविवारी शिक्षकांची शर्यत आहे. या बघायला. पहिला नंबर कुणाचा ते सांगायला नको."

सोफेवाल्याला त्या दिवशी कोबीसुद्धा गेला नाही.

दुसरं रक्त मात्र बायकोने स्वतः समोर बसून घ्यायला लावलं. रजा टाकून. सुईपासून बाटलीवर नाव चिकटेपर्यंत तिने डोळ्याची पापणी लववली नाही. आणि शुक्रवारी सगळं लटांबर डॉक्टरीणबाईंकडे गेलं. सोफेवाला, बायको, आणि पथ्याचे प्रमुख म्हणून मास्तर. तिथे जिना नव्हता हे एक बरं.

डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट बघितला. जुना काढला. नवा पुन्हा बघितला.

"हे जवळजवळ ठीक आहे," त्या म्हणाल्या. "थोडं वर आहे, पण या वयाला आणि या पोटाला चालेल."

"कोबी!" बायको आनंदाने ओरडली. "आणि माझ्या भावाची मेहनत!"

"कोबीने असं होत नाही, बाई."

"मग गोळीने."

"गोळीने फार तर निम्म्यावर येतं. एवढं खाली नाही. आणि यांच्या अंगावर एकही खूण नाही, वडील ठणठणीत." त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "पहिला रिपोर्ट यांचा नव्हता. अदलाबदल झालीय."

"मी पहिल्यापासून हेच सांगतोय," मास्तर म्हणाले. "लॅबची चूक."

सोफेवाल्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. सुटलो! लॅबची चूक, आपण निर्दोष, रक्त चांगलं, बायको खूश, संध्याकाळी बेकरी. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याइतकं सोपं काम त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी फोन ओढून घेतला. "मी लॅबला विचारते, त्या दिवशी रक्त कुणी घेतलं. ज्या बाई आल्या होत्या त्यांना जाब द्यावा लागेल. नोकरी गेली तर जाईल, पण तो दुसरा माणूस शोधलाच पाहिजे. तो कुठेतरी फिरतोय, आणि त्याला वाटतंय आपल्याला काही झालेलं नाही."

सोफेवाल्याने मास्तरांकडे बघितलं. मास्तर भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत होते.

"फोन ठेवा, बाई," सोफेवाला म्हणाला. "त्या बाईंची काही चूक नाही. तो माणूस याच खोलीत आहे."

बायकोने आधी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. मग भावाकडे. मग नवऱ्याकडे, आणि तिथे तिची नजर थांबली. पार्सलमध्ये विटा सापडल्यावर ती ज्या नजरेने माणसाकडे बघायची ती नजर सोफेवाल्याला आज पहिल्यांदा जवळून दिसली.

"तुम्ही," ती म्हणाली, "माझ्या काट्यावर दुसऱ्याचं पार्सल ठेवलंत?"

"हो."

"आणि इतके दिवस मी रडत होते? त्या कोबीसाठी पहाटे उठत होते? आणि छोट्या, तू? तू माझ्या नाकासमोर उभा राहून मीठ कमी कर म्हणत होतास?"

"ताई, अगं हे काहीतरीच बोलतायत—"

"बूट काढ," सोफेवाला म्हणाला.

"भाऊजी!"

"काय भाऊजी? अरे, लेस नसलेल्या बुटाची लेस बांधतोस रोज जिन्यात! मी वरून बघतोय. छातीवर हात दाबून उभा असतोस आणि रविवारी शर्यत पळणार? मला काय म्हणायचं ते म्हण, तुझ्या बहिणीने मला घराबाहेर काढलं तरी चालेल, पण तो बूट काढ आधी!"

सोफेवाल्याचा आवाज फुटला होता. मेहुण्याला त्याने जन्मात 'अरे' म्हटलं नव्हतं, त्यामुळे असेल, पण मास्तर मुकाट्याने खाली वाकले आणि त्यांनी पट्टी सोडली.

टाचेच्या वर, शिरेवर, बोराएवढ्या दोन गाठी. डॉक्टरीणबाईंनी त्या दोन बोटांत धरल्या. बायको अजून बोलायच्या तयारीतच होती, हात वर उचललेला, शिव्यांची रांग लागलेली. ती गाठी बघायला वाकली आणि तशीच राहिली.

"बाबांच्या पायाला असंच होतं," ती म्हणाली. "ते म्हणायचे, चप्पल लागते. मी त्यांना कापूस लावून द्यायचे."

मग खोलीत कुणी भांडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिथेच ईसीजी काढला, तो बघितला आणि हॉस्पिटलला फोन लावला. आजच, आत्ताच, आणि एकही पायरी चढायची नाही. मास्तरांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. शाळेला कवायत शिकवणारा माणूस, गळ्यात शिट्टी, मांडीवर बूट, असा दवाखान्यातून ढकलत नेला, तेव्हा ते रस्त्यातल्या प्रत्येकाला सांगत होते, "मला चालता येतं." कुणी विचारलं नव्हतं.

हॉस्पिटलात हिरवा झगा घालून ते पलंगावर बसले. बायको कुठल्याशा खिडकीवर सह्या करायला गेली होती. सोफेवाला शेजारच्या बाकावर बसला. बाकाची गादी पार बसलेली होती, पण आज त्याने ते मनावर घेतलं नाही.

"भाऊजी," मास्तर म्हणाले, "तुम्ही मैदानावर आलात ना, तेव्हा मी तुम्हाला हाकलून द्यायला हवं होतं."

"मग का नाही दिलंस? मला वाटलं, मिरवायची हौस."

मास्तरांनी झग्याचा बंद बोटाला गुंडाळला. "बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी पळतोय. लोकांना वाटतं, आवड आहे. कितीदा दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत जाववलंच नाही. आत गेलं की ते सांगणार, आणि सांगितलं की खरं होणार. लग्नाचंही तेच. बाबा आईला ठेवून गेले तसं कुणाला तरी मागे ठेवून जायचं, म्हणून नाहीच केलं. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, नाव माझं." ते हसायचा प्रयत्न करत होते. "वाटलं, हे बरं आहे. चांगलं आलं तर माझं. वाईट आलं तर तुमचं."

सोफेवाल्याला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही एकत्र आल्यामुळे जो आवाज निघाला तो ऐकून पलीकडच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला.

"अरे नालायका," तो म्हणाला, "म्हणजे मी तुला यात ओढलं म्हणून मला इतके दिवस झोप नाही, आणि तूच मला—"

"तुम्ही जाड आहात ना. तुमच्या नावाला शोभलं असतं."

"शोभलं ना! कोबी मी खाल्ला!"

"भाऊजी, मी चाळिशी ओलांडली. बाबा इथेच कुठेतरी थांबले."

सोफेवाल्याने आपला जाडजूड हात मेहुण्याच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

नर्स आली. नाव विचारलं. मास्तरांनी सवयीने भाऊजींकडे बघितलं. मग त्यांनी आपलं स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, हजेरी देणाऱ्या पोरासारखं, खणखणीत.

"पूर्वी रक्त तपासलंय?"

"एकदा. यांच्या नावाने."

नर्सने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि पुढचं विचारणं सोडून दिलं.

आतलं काम संपलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, एक नळी बरीच अरुंद झाली होती, तिथे तारेची जाळी बसवून ती उघडून धरलीय.

"स्प्रिंग," सोफेवाल्याने बायकोला समजावलं. "चांगली असते."

"आणि दुसऱ्या नळीत एक जागा आहे," डॉक्टर म्हणाले, "मऊ, पातळ सालीची. तिला गोळ्यांनी सांभाळायचं. रविवारी पळणार होते म्हणे?" त्यांनी मान हलवली आणि वाक्य तिथेच सोडलं. मग बायकोकडे वळले. "तुम्ही सख्ख्या बहीण ना? वडील एकच. तुमचंही रक्त आजच घेऊन टाकू."

बायको खुर्चीत बसली. दवाखान्यातून निघाल्यापासून ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती, आणि घरी गेल्यावर काय काय बोलायचं ते सगळं तिच्या चेहऱ्यावर व्यवस्थित रचून ठेवलेलं होतं. नर्सने तिच्या दंडाला पट्टा आवळला, तसा तिने सोफेवाल्याचा हात पकडला. इतका घट्ट, की तो ओरडणारच होता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "माझंही तसंच निघालं तर?"

सोफेवाला तिच्या खुर्चीला खेटून उभा राहिला.

"निघू दे," तो म्हणाला. "बाबांना कुणी सांगितलंच नाही गं. तुला सांगतील."

तिने मान हलवली, पट्टा बांधलेला हात सरळ केला आणि सुईकडे डोळे उघडे ठेवून बघत राहिली.